लाईट गेली की फ्रीजचं दार लावा



ऊस विकास विभागाच्या या पानावर आपण दर अंकी लागण, बेणे, खते, पाणी, खोडवा आणि पाचट यांविषयी वाचता. या अंकात आम्ही घरातल्या फ्रीजविषयी लिहिणार आहोत. शेतकी खात्याच्या माणसाला फ्रीजचं काय पडलंय, असं काही मंडळी म्हणतील. पण गट ऑफिसात उसाच्या नोंदीला माणूस आला की नोंदीबरोबर घरच्याही चार गोष्टी निघतात. पावसाळ्यात एक तक्रार हमखास कानावर येते : "साहेब, दोन दिवस लाईट नव्हती, फ्रीजमधलं सगळं उकिरड्यावर टाकलं." दुसरी तक्रार नवीन घर बांधलेल्यांची : "मळ्यात राहायला गेलो आणि आठ दिवसांत फ्रीज बंद पडला."

तिसरी गोष्ट आमच्या स्वतःच्या घरातली आहे. ती सांगायला लाज वाटते. पण ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्यात काही अर्थ नाही, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

आमच्या हातून झालेली चूक

ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट धरतात. पाणी ती ओलांडून कितीतरी वर गेलं होतं. नदीकाठचा ऊस शेंड्यापर्यंत बुडाला. कुठे वीज उपकेंद्रात पाणी शिरलं, कुठे जिवाला धोका नको म्हणून पुरवठा बंद ठेवावा लागला. आम्ही कामावर होतो आणि घराकडचा रस्ता पाण्याखाली गेला. घरी मातोश्री, सौभाग्यवती आणि मुलं. मातोश्रींना बारा वर्षांपासूनचा मधुमेह, रोज दोन वेळा इन्शुलिन.

दुपारी तीनला लाईट गेली. सहाच्या सुमारास घरून फोन आला.

"अहो, लाईट काही येईल असं दिसत नाही. आईंच्या इन्शुलिनचं काय करू? खालचा कप्पा आता कोमट लागतोय."

आमच्यासमोर पंधरा माणसं उभी होती. बुडालेल्या क्षेत्राची माहिती गोळा करायचं काम चाललं होतं. आम्ही फारसा विचार न करता म्हणालो, "वर फ्रीझरमध्ये बर्फ आहे ना अजून? मग त्यातच ठेव बाटल्या. तिथं जास्त गार राहतील."

तिने तसं केलं. सकाळी बाटली काढली तेव्हा ती गोठलेली होती. हातात धरून वितळवली आणि नेहमीप्रमाणे सुई दिली. असं दोन दिवस चाललं. मातोश्रींना तहान लागायला लागली, रात्रीतून पाच-सहा वेळा उठणं, मग चक्कर. तिसऱ्या दिवशी भाऊबंदांनी ट्रॅक्टरवर बसवून त्यांना दवाखान्यात नेलं. साखर चारशेच्या वर. डॉक्टरांनी बाटली मागितली, ती खिडकीकडे धरून पाहिली. काचेला आतून पांढरे कण चिकटले होते. त्यांनी विचारलं, "हे गोठलं होतं का?"

इन्शुलिन एकदा गोठलं की ते वितळल्यावरही नीट काम करत नाही. म्हणजे दोन दिवस मातोश्रींना जवळजवळ पाणीच टोचलं जात होतं. वेळेत उपचार झाले म्हणून निभावलं. पाणी ओसरल्यावर आम्ही घरी पोहोचलो आणि मातोश्रींना विचारलं, "अगं, बाटलीत असं दिसत होतं तर घेतलंस कशाला?" त्या म्हणाल्या, "तू सांगितलंस म्हणून घेतलं."

आम्हाला टोचलं ते असं. त्याच वर्षी खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड वाटताना आम्ही गावोगाव सांगत फिरलो होतो : "कार्ड लगेच लावणं जमलं नाही तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये ठेवू नका, आतले जीव मरतील." किडीच्या कार्डाबाबत जे ज्ञान आम्ही दुसऱ्यांना देत होतो ते घरच्या माणसाच्या औषधाला लावायचं मात्र सुचलं नाही. तेव्हापासून या विषयाची माहिती आम्ही जमेल तशी गोळा केली. डॉक्टरांना विचारलं, फ्रीज दुरुस्त करणाऱ्यांना विचारलं. ती आता आपल्यापुढे ठेवतो.

फ्रीज म्हणजे गारव्याची विहीर

फ्रीज थंडी तयार करतो असं आपण म्हणतो. खरं म्हणजे तो आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. फ्रीजची मागची किंवा बाजूची बाजू गरम लागते ती याच कारणाने. लाईट गेली की उपसा थांबतो. मग भिंतीतून आणि दाराच्या रबरातून उष्णता हळूहळू आत झिरपू लागते. दार उघडलं तर ती झिरपत नाही, लोंढ्याने येते. गार हवा जड असते. उभ्या फ्रीजचं दार उघडलं की ती खाली पायांवर सांडते, आपल्याला ती जाणवतेसुद्धा. वरून झाकण उघडणाऱ्या डीप फ्रीझरमध्ये ती आतच बसून राहते. म्हणून लाईट गेल्यावर असा फ्रीझर उभ्या फ्रीजपेक्षा जास्त टिकाव धरतो.

आता बर्फाचं गणित पाहा. एक किलो बर्फाचं नुसतं पाणी व्हायला ८० किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत एक लिटर थंडगार पाणी शून्य अंशापासून ८० अंशांपर्यंत तापतं. म्हणजे फ्रीझरमधली बर्फाची प्रत्येक बाटली बाहेरून येणारी उष्णता गिळत बसते, आणि ती पुरती वितळेपर्यंत आसपासचं सामान फारसं तापू देत नाही. रिकामा फ्रीझर म्हणजे कोरडी विहीर. भरलेला फ्रीझर लाईट गेल्यावरही बराच वेळ पुरतो.

यावरून ठोकताळा असा धरतात. दार बंद राहिलं तर फ्रीजचा खालचा भाग साधारण ४ तास सुरक्षित गार राहतो. स्वतंत्र डीप फ्रीझर पूर्ण भरलेला असेल तर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला असेल तर सुमारे २४ तास धरतो. मात्र आपल्याकडच्या एका दाराच्या फ्रीजमधला वरचा लहानसा बर्फाचा कप्पा म्हणजे डीप फ्रीझर नव्हे. त्याला हे ४८ तासांचे आकडे लावू नयेत. तो अर्धा दिवस धरील याचीही खात्री नाही. शिवाय मे महिन्यात पत्र्याच्या घरात हे सगळेच आकडे खाली येतात.

ऊसकऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा असा आपला आग्रह असतो. फडात पडलेला ऊस वरून हिरवागार दिसतो, पण आतली साखर घटत असते, ती डोळ्यांना दिसत नाही. फ्रीजमधल्या जिनसांचंही तसंच आहे. नुसत्या डोळ्यांनी आणि नाकाने त्यांची परीक्षा होत नाही, घड्याळ लागतं. म्हणून लाईट गेल्याची वेळ लिहून ठेवणं ही पहिली गोष्ट.

पावसाळ्याआधीची तयारी

मृगाच्या आधी आपण नाले काढतो, पत्रे आवळतो. त्याच वेळी फ्रीजचीही तयारी करावी.

१. प्लास्टिकच्या बाटल्या पाऊण भरून फ्रीझरमधल्या रिकाम्या जागेत ठेवाव्यात. काठोकाठ भरू नयेत. पाण्याचा बर्फ होताना तो सुमारे ९ टक्के फुगतो आणि बाटली फुटते. काचेची बाटली तर मुळीच नको.

२. दाराचं रबर तपासावं. कागदाचा तुकडा दारात धरून दार लावावं आणि कागद ओढून पाहावा. सहज निघाला तर तिथून गारवा गळतो आहे असं समजावं. पुष्कळदा रबराला नुसती चिकट घाण बसलेली असते, साबणाच्या कोमट पाण्याने पुसली की काम होतं.

३. एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवावं आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्यावी. आषाढीच्या वारीला किंवा लग्नकार्याला घर बंद करून आठ दिवस जाणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो. परत आल्यावर नाणं वर असेल तर ठीक. नाणं तळाशी जाऊन त्यावर बर्फ झाला असेल, तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे असं समजावं. ते सामान दिसायला टणक असलं तरी खाऊ नये.

४. फ्रीजमधला साधा तापमापक महाग नसतो. खालचा कप्पा ५ अंशांच्या आत आणि फ्रीझर उणे १८ अंशांच्या आसपास असावा.

लाईट गेल्यावर

वेळ लिहा आणि दार लावून ठेवा. घरात मुलं असतील तर दाराला दोरी बांधा. दर तासाला उघडून "अजून गार आहे का" हे पाहण्यासारखा तोटा दुसरा नाही. लागणारं दूध, भाजी एकदाच काढून घ्यावी. फ्रीजवर गोधडी किंवा चादर टाकली तर थोडी मदत होते, पण लाईट आल्यावर ती आठवणीने काढावी. नाहीतर गरम हवा बाहेर पडायला वाट राहत नाही.

फ्रीजची पिन काढून ठेवा. हे महत्त्वाचं आहे. लाईट परत येते तेव्हा पहिली काही मिनिटं ती कमीजास्त होते, येते-जाते. मळ्यातल्या वस्त्यांवर तर हा रोजचाच अनुभव. सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की घरातला दिवा मंद होतो, आणि त्या बंद झाल्या की एकदम भगभगतो. फ्रीजचा कॉम्प्रेसर बंद पडतो तेव्हा त्याच्या एका बाजूला गॅसचा दाब जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असतो. तो सारखा व्हायला काही मिनिटं लागतात. त्याआधी वीज आली तर कॉम्प्रेसरला दाबाविरुद्ध सुरू व्हावं लागतं. भरलेला ट्रेलर चढावर थांबवून पुन्हा ओढायला लावण्यासारखंच ते. मग गुंऽऽ असा आवाज येतो, टक् करून बंद होतो, पुन्हा गुंऽऽ. असा आवाज ऐकू आला की ताबडतोब बटण बंद करावं. लाईट आल्यावर दिवा स्थिर झाला आहे हे पाहून, निदान पाच-दहा मिनिटांनी पिन लावावी. जिथं विजेचा दाब नेहमीच कमीजास्त होतो तिथं चांगला स्टॅबिलायझर घ्यावा. तो पुन्हा सुरू होताना आपोआप काही मिनिटं थांबणारा असावा. अलीकडच्या काही फ्रीजना स्टॅबिलायझर लागत नाही असं सांगतात. पण तो फ्रीज किती ते किती व्होल्टपर्यंत चालतो हे त्याच्या पुस्तिकेत पाहावं आणि वायरमनकडून आपल्या घरचा दाब एकदा मोजून घ्यावा.

घरच्या इन्व्हर्टरवर फ्रीज चालवायचा असेल तर आधी विचारून घ्यावं. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो. दोन पंखे आणि चार दिव्यांसाठी घेतलेला इन्व्हर्टर त्याला पुरत नाही. जनरेटर लावणाऱ्यांनी तो घराबाहेर, खिडकी-दारापासून लांब ठेवावा. त्याच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि तो झोपेत माणूस मारतो.

काय ठेवावं, काय टाकावं

अन्न टाकणं आपल्या घरात पाप समजतात आणि ते योग्यच आहे. पण इथं हिशोब जुलाब-उलट्यांशी आहे. अन्नातले जंतू साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान झपाट्याने वाढतात. शिजवलेला भात, आमटी, मटणाचा रस्सा, मासे, अंड्याचे पदार्थ, खवा, बासुंदी, पनीर या वस्तू या तापमानात दोन तासांहून जास्त राहिल्या तर त्या खाऊ नयेत. "पुन्हा खळखळून उकळू, मग काय होतंय?" असं आपण म्हणतो. उकळल्याने जंतू मरतात हे खरं. पण काही जंतूंनी आधीच अन्नात सोडलेलं विष उकळूनही जात नाही. विशेषतः भातात आणि दुधाच्या पदार्थांत हा धोका असतो. लहान मुलं, गरोदर बाई आणि म्हातारी माणसं यांच्या बाबतीत तर शंका आली की टाकावं, हाच नियम.

दुधाची मात्र आपली जुनी रीत चांगली आहे. लाईट लवकर येणार नाही असं दिसलं की दूध फ्रीजमध्ये तसंच न सोडता ताबडतोब तापवावं, पुन्हा काही तासांनी तापवावं, किंवा सरळ विरजण लावावं. साठवलेल्या सायीचं लोणी काढून तूप कढवून टाकावं, तुपाला फ्रीज लागत नाही.

लोणची, मुरांबा, तूप, गूळ, सुकं खोबरं, न कापलेली फळं आणि कच्च्या भाज्या यांची काळजी नको. दही आंबट होईल, पण त्याचं ताक किंवा कढी लगेच करता येते. त्याला बुरशी आली किंवा वेगळा वास आला तर टाकावं.

फ्रीझरमधल्या वस्तूंची कसोटी सोपी आहे. मटार, आमरस, खवलेलं ओलं खोबरं यांत बर्फाचे कण अजून शिल्लक असतील आणि पिशवी हाताला थंडगार लागत असेल तर ते पुन्हा गोठवायला हरकत नाही. चव आणि पोत थोडा उतरेल इतकंच. मटण, कोंबडी, मासे अशा अवस्थेत असतील तर त्याच दिवशी शिजवून संपवावेत. सगळं वितळून कोमट झालं असेल तर ते टाकावं. वितळलेलं आईस्क्रीम पुन्हा गोठवून मुलांना देऊ नये.

औषधांची गोष्ट वेगळी

आमच्या घरी काय झालं ते वर सांगितलंच आहे. आता त्यावरचं शहाणपण.

न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, म्हणजे फ्रीजच्या खालच्या भागात. एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याच्या अगदी खालच्या ट्रेमध्येसुद्धा ते गोठू शकतं. म्हणून मधला कप्पा किंवा दाराचा कप्पा बरा. बर्फाला ते थेट चिकटू देऊ नये.

लाईट गेली म्हणून घाबरण्याचं कारण नाही. वापरात असलेली बाटली बहुतेक प्रकारांत २५ ते ३० अंशांच्या आतल्या तापमानात, उन्हापासून दूर, सुमारे चार आठवडे चालते. नेमके दिवस आणि अंश प्रत्येक औषधाच्या आतल्या कागदावर दिलेले असतात. तो कागद टाकून न देता डॉक्टरांकडून समजून घ्यावा. ऑगस्टमध्ये आपल्या भागात खोलीचं तापमानच २५ अंशांच्या आसपास असतं. म्हणजे त्या पुरात मातोश्रींच्या बाटल्या नुसत्या फडताळात ठेवल्या असत्या तरी चाललं असतं! आम्ही "जास्त गार" करायला गेलो आणि औषध मारून बसलो.

उन्हाळ्यात मात्र काळजी घ्यावी लागते. तेव्हा मातीचा माठ उपयोगी पडतो. बाटली कोरड्या डब्यात घालून तो डबा रिकाम्या माठात ठेवावा, माठाला बाहेरून ओलं फडकं गुंडाळावं आणि माठ सावलीत, वारा लागेल असा ठेवावा. पाणी सुकताना माठ गार होतो. पावसाळ्यात हवा दमट असल्याने माठ फारसा गार होत नाही, पण तेव्हा त्याची गरजही कमी असते.

जनावरांच्या लसी घरी ठेवणाऱ्यांनीही पशुवैद्यकांना विचारून घ्यावं. पुष्कळ लसी गोठल्या की वाया जातात.

बिऱ्हाड हलविताना

आमच्या गटातल्या एका सभासदाच्या घरी महिला बचत गटाने लहान डीप फ्रीझर घेतला होता. मे महिन्यात आमरस काढून ठेवायचा आणि दिवाळीला विकायचा, असा बेत. चाळीस किलो रस भरला होता. जूनच्या सुरुवातीला घर गावातून मळ्यात हलवलं. फ्रीझर रसासकट ट्रॉलीत आडवा घातला, वर गाद्या टाकल्या, कच्च्या रस्त्याने नेला आणि उतरवल्याबरोबर पिन लावली. तासाभरात तो बंद पडला. कारागीर यायला तीन दिवस लागले आणि तोपर्यंत प्रत्येकजण झाकण उघडून पाहत होता. रस गेला, कॉम्प्रेसर बदलावा लागला, आणि गटातल्या बायकांच्या वर्षाच्या कष्टाचे पैसे गेले. त्या माउली आम्हाला म्हणाल्या, "साहेब, आम्हाला कुणी एका शब्दानं सांगितलं असतं तर?" म्हणून हे सांगणं.

१. फ्रीज नेहमी उभाच न्यावा. कॉम्प्रेसरच्या तळाशी तेल असतं. फ्रीज आडवा केला की ते तेल गॅसच्या नळ्यांत शिरतं. नाइलाजाने आडवा करावाच लागला तर नव्या जागी उभा करून निदान जितका वेळ तो आडवा होता तितका वेळ थांबावं. पूर्ण एक दिवस थांबलात तर अधिक चांगलं. उभा नेला असला तरी दोन-चार तास स्थिर राहू द्यावा.

२. हलविण्याआधी पंधरा दिवस नवीन भरणं बंद करावं आणि आतलं संपवत जावं. उरलेलं थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या बाटल्यांसह न्यावं आणि पोहोचल्यावर शेजारच्या चालू फ्रीजमध्ये ठेवावं.

३. आदल्या दिवशी पिन काढून बर्फ आपोआप वितळू द्यावा. सुरी, उलथणं, खुरपं यांनी बर्फ खरवडू नये. पातळ नळीला एक भोक पडलं की सगळा गॅस जातो. अलीकडच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन हा गॅस असतो आणि तो पेट घेणारा आहे. मागच्या पट्टीवर तसं लिहिलेलं असतं.

४. आतल्या काचा आणि ट्रे काढून चादरीत गुंडाळून वेगळे न्यावेत. मागचं पाण्याचं भांडं रिकामं करावं. दार दोरीने बांधावं. उचलताना दाराला किंवा मागच्या जाळीला धरू नये.

५. नव्या जागी फ्रीज भिंतीला चिकटवू नये, मागे वीतभर जागा सोडावी. चुलीजवळ किंवा पश्चिमेच्या उन्हात ठेवू नये. बोर्डाला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून पाहून घ्यावं.

६. मळ्यात जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी की आपलं घर गावठाणच्या फीडरवर येणार की शेतीपंपाच्या. शेतीपंपाच्या फीडरवर पूर्ण पुरवठा दिवसातले ठरावीक तासच असतो. अशा ठिकाणी मोठा डीप फ्रीझर घेण्याआधी दहा वेळा विचार करावा.

७. फ्रीज काही महिने बंद ठेवायचा असेल तर कोरडा पुसून दार थोडं उघडं राहील असा अडकवावा, म्हणजे आत बुरशी येत नाही. कायमचा बंद पडलेला फ्रीज गोठ्यात पेंड ठेवायला वापरतात. त्याचं दार पूर्ण काढून टाकावं. खेळताना मूल आत शिरलं आणि दार लागलं तर त्याला आतून उघडता येत नाही आणि श्वासही मिळत नाही.

पुराचं पाणी लागलं तर

पुराचं पाणी शिरलेला फ्रीज उन्हात वाळला म्हणून पिन लावू नये. आतल्या वायरी, कॉम्प्रेसरची जोडणी आणि भिंतीतला फोम ओला राहतो, शॉक बसून माणूस दगावू शकतो. माहीतगार कारागिराने तपासून सांगितल्यावरच तो चालू करावा. त्या पाण्यात गटारापासून गोठ्यापर्यंतचं सगळं मिसळलेलं असतं, तेव्हा आतलं अन्न झाकलेलं असलं तरी टाकून द्यावं. नुकसानीची नोंद होणार असेल तर साफसफाईआधी फोटो काढून ठेवावेत.

दुसऱ्या पुराच्या वेळी

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. या वेळी आम्ही घरी होतो, पण आम्हाला फारसं काही करावंच लागलं नाही. पाणी वाढायला लागल्याबरोबर मातोश्रींनीच फर्मावलं, "फ्रीज रिकामा करा आणि माडीवर चढवा, उभाच चढवा." दूध तापवलं, सायीचं तूप कढवलं, उरलेलं मटण त्याच रात्री शिजवून शेजाऱ्यांसह संपवलं. इन्शुलिनच्या बाटल्या एका डब्यात कोरड्या फडक्यात गुंडाळून त्यांनी स्वतःच्या पिशवीत घेतल्या आणि आम्ही उंचावरच्या पाहुण्यांकडे गेलो. तिथंही लाईट गेली. पाहुण्यांची सूनबाई म्हणाली, "आजी, बाटल्या बर्फात ठेवू का?" मातोश्रींनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "नको गं बाई, बर्फाचा अनुभव आहे आम्हाला."

सभासद भगिनींना विनंती की पुढची चौकट कापून फ्रीजच्या दारावर चिकटवावी. ज्यांच्या घरी इन्शुलिन आहे त्यांनी ती घरातल्या शाळकरी मुलांना एकदा मोठ्याने वाचायला लावावी. अडचणीच्या वेळी फोनवर आमच्यासारखा कुणी घाईत काहीतरी सांगेल, त्यापेक्षा दारावरचा कागद बरा.

फ्रीजच्या दारावर लावण्यासाठी
* लाईट गेल्याची वेळ कॅलेंडरवर लिहा. पिन काढा. दार उघडू नका.
* खालचा कप्पा ४ तास. भरलेला डीप फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. लहान बर्फाच्या कप्प्याचा भरवसा नाही.
* शिजवलेलं अन्न, मटण, मासे, खवा : गारवा गेल्यावर दोन तास झाले तर टाका.
* इन्शुलिन फ्रीझरमध्ये कधीही नाही. गोठलेलं वापरू नका, डॉक्टरांना विचारा.
* लाईट आल्यावर दिवा स्थिर झाला की ५ ते १० मिनिटांनी पिन लावा.
* हलविताना उभाच न्या. आडवा झाला तर एक दिवस थांबून सुरू करा.
* पुराचं पाणी लागलेला फ्रीज तपासल्याशिवाय चालू करू नका.

पुढील अंकात पूरबुडीत उसाचा खोडवा राखावा की मोडावा, याविषयी लिहू.

जय सहकार!

ऊस विकास अधिकारी